उपाशी अळ्यांचे सासूबाई

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही, आधीच्या नोकरीचा दाखलाही मागितला नाही. खुर्चीकडे बोट दाखवलं, भरघोस मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "तुमच्या वेळी तुमच्या आईला कसले डोहाळे लागले होते?"

कोल्हापूरजवळच्या एका लहानशा शेती संशोधन केंद्रात मी स्टोअरकीपरच्या मुलाखतीला गेले होते. तयारी चोख होती. साठा कसा तपासायचा, मुदत संपलेली औषधं वेगळी कुठं ठेवायची, काचेचं सामान कसं रचायचं, सगळं पाठ होतं. डोहाळे त्यात नव्हते. "माहीत नाही," म्हटल्यावर त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "मग विचारा की! आई हायत न्हवं?"

आई होती, पण फोन शेजारच्या काकूंकडे होता. काकूंनी हाक मारली, आई धापा टाकत आली आणि प्रश्न ऐकून तिनं आधी मलाच विचारलं, बरी आहेस ना. मग म्हणाली, "तुझ्या वेळी कसले गं डोहाळे! सातव्या महिन्यात तुझ्या वडिलांची बदली झाली. दिवसभर मी भांडी मोजत आणि ट्रंकांवर चिठ्ठ्या डकवत बसले होते. कुठल्या ट्रंकेत काय, झोपेतही सांगायचे."

मी निरोप जसाच्या तसा पोचवला. त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की पेनस्टँड आडवा झाला. "तरीच! उद्यापासून या. स्टोअर तुमचं."

हे आमचे सर. पाठीमागे सगळं केंद्र त्यांना 'सासूबाई' म्हणायचं. पन्नाशीचा, तालमीच्या मातीत वाढल्यासारखा दिसणारा, खणखणीत आवाजाचा हा ब्रह्मचारी गृहस्थ पानाचा देठ दोन बोटांत मोडून "शिळं आहे" म्हणायचा, डब्याच्या कडेवर बोट फिरवून धूळ बघायचा, आणि कुणी नवी अळी आणली की आधी तिच्या घराण्याची चौकशी करायचा. कुठल्या शेतातली? पीक कुठलं? पाणी वेळेवर मिळत होतं का? औषध कधी मारलं होतं? सुनेची एवढी चौकशी खऱ्या सासूनंही केली नसती. "सासूबाई आले", "सासूबाई आज चिडलेत", अशी वाक्यं आमच्याकडे कुणाच्या कानाला खटकत नसत. त्यांच्याही कानावर गेली होती. ते म्हणाले, "बरोबर आहे. लग्न न करता एवढ्या लेकीसुना कुणाच्या नशिबात असतात?"

त्यांचं राज्य म्हणजे मागच्या बाजूची अळ्यांची खोली. सोयाबीनची पानं खाणारी अळी ते तिथं डब्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वाढवायचे. अळीचा कोश, कोशाचा पतंग, पतंगाची अंडी, अंड्यांच्या पुन्हा अळ्या. सगळं जग अळी काय खाते ते बघत होतं, सर अळीच्या आजीनं काय खाल्लं होतं ते शोधत होते. आजीनं उपासमार सोसली, उकाडा सोसला, औषधाचा हलका फवारा सोसला, तर नातीच्या अंगात त्याची काही खूण उरते का, हा त्यांचा विषय. एपिजेनेटिक्स हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. आणि तो समजावून सांगायची त्यांची रीतही घरगुती होती.

"घरातली भांडी म्हणजे जनुकं," ते म्हणायचे. "ती पिढ्यान्‌पिढ्या तीच. पण दुष्काळ पडला की घरची बाई मोठं पातेलं माळ्यावर टाकते. पुढं सून येते, तिला ते माळ्यावरच दिसतं. तिला वाटतं, या घरात मोठं पातेलं वापरायची पद्धत नाही. दुष्काळ कधीच संपलेला असतो, पण तीही लहान पातेल्यातच रांधते. भांडं बदललं का? नाही. जागा बदलली. सुनेला वारशात जागा मिळाली."

ऐकणाऱ्याला हे पटायचं. मग सर पुढं विचारायचे, "तुमच्या माळ्यावर काय हाय?" आणि ऐकणारा सटकायचा.

अळ्यांच्या खोलीत मोठ्यानं बोलायला बंदी होती. आवाजाचा ताण पोटुशीवर होतो, आणि पोटुशी कोण आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून सरसकट बंदी. आता कोल्हापुरात माणूस जन्मल्यापासून पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलत असल्यासारखा बोलतो. आम्ही निदान प्रयत्न करायचो. सर स्वतः मात्र ज्याला कुजबुजणं म्हणायचे, ते फाटकावर बंडूला ऐकू जायचं. बंडू आमचा रखवालदार. सर खोलीत "चहा सांगा" असं कुजबुजले की तो तिकडून "सांगतो!" म्हणून ओरडायचा.

या बंडूनंच सरांच्या शास्त्राचा सर्वांत आधी फायदा उठवला. एकदा तो कामावर घोरताना सापडला. सर चिडायच्या आधीच तो म्हणाला, "साहेब, माझ्या आज्यानं जलमभर रातचं ऊस राखला. झोपंचा त्यो समदा बॅकलॉग माझ्याकडं आलाय." सर विचारात पडले. त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि आजोबांची माहिती घेतली. झालं! महिन्याभरात केंद्रातल्या प्रत्येकाच्या आजी-आजोबांनी काही ना काही सोसलेलं निघालं. उशिरा येणाऱ्यांच्या आज्या मैलोन्‌मैल चालल्या होत्या. टायपिंगच्या चुका करणाऱ्याचे आजोबा शाळेत मार खात होते. मी तेवढी स्टोअरच्या काउंटरवर पाटी लावली, 'वस्तू परत करताना पूर्वजांची कारणे चालणार नाहीत'. सरांनी ती वाचली आणि चार दिवस माझ्याशी जरा तुटक वागले.

त्यांचं लग्न का झालं नाही, याची हकिगत तेच सांगायचे. तरुणपणी मुलगी बघायला गेले. कांदेपोहे आले, मुलगी आली, सगळे बसले. यांनी मुलीकडे बघितलंच नाही. कोपऱ्यात तिची आजी बसली होती, तिच्याशी बोलत बसले. लहानपणी काय खायचात, दुष्काळ कुठला बघितलात, माहेरी पाणी गोड होतं का खारं. निघताना मुलीच्या वडिलांनी हात जोडले, "पावणं, आमच्या आईचं लग्न झालंय."

स्वतःच्या बाबतीतही ते तितकेच चोख होते. गाव कुरुंदवाड. दोन नद्यांच्या पाण्यावर वाढलेला माणूस, पण पोहता येत नव्हतं, आणि अंघोळीला बादलीत मोठा तांब्या दिसला तरी बावरायचे. लहान फुलपात्रानं अंघोळ करायचे. कारण ठरलेलं होतं. "माझ्या वेळी आई पुरात माडीवर अडकली होती. तिनं बघितलेलं पाणी माझ्या अंगात आहे." पंचगंगेचा पूल आला की ते जीपमध्ये डोळे घट्ट मिटून बसायचे आणि पलीकडे गेल्यावर ड्रायव्हरला विचारायचे, "गेली?"

रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण त्यांच्याबरोबर रंकाळ्यावर जायचो. ते पाण्याकडे पाठ करून भेळ खायचे आणि गर्दी न्याहाळायचे. "ही एवढी दाटी पानावरच्या मावा-किडीची झाली असती ना," ते म्हणाले, "तर या सगळ्या बिनपंखी आयांना पंखवाल्या मुली झाल्या असत्या. गर्दी वाढली की माव्याची आई ठरवते, आपलं काय व्हायचं ते झालं, पोरींनी तरी उडून जावं. जनुकं तीच बरं का. फक्त पंखांचं पातेलं माळ्यावरून खाली." शेजारी एक बाई तीन मुलींना आवरत भेळ खात होती. तिनं ते ऐकलं आणि म्हणाली, "दादा, आमच्या पोरींस्नी पंखाबिगरच आवरंना झालंय."

हे सगळं वेड होतं असं मात्र समजू नका. हातकणंगल्याचा एक शेतकरी एकदा तावातावानं आला. औषध मारूनही अळी मरत नव्हती. चौकशीत निघालं, हा पठ्ठ्या पैसे वाचवायला गेली काही वर्षं निम्मंच औषध पाण्यात घालत होता. सर त्याला म्हणाले, "पावणं, निम्मा डोस म्हणजे औषध न्हवं, ते अळीचं डोहाळजेवण. मरत तर न्हाय, आणि वाचते ती चिवट लेकरं घालते. पुढच्या पिढीला ते औषध आजीच्या हातच्या काढ्यागत पचतंय." तो माणूस हसला, पण पुढच्या हंगामात नीट मापानं औषध घेऊन गेला. मला वाटतं, जाडजूड पुस्तिकांनी झालं नसतं ते त्या एका वाक्यानं झालं.

आता मूळ गोष्ट. सरांनी एक मोठा प्रयोग मांडला. एकाच आईच्या अळ्यांचे दोन भाग केले. अर्ध्या डब्यांवर लिहिलं 'माहेर'. त्यांना गार फळी आणि एरंडाची कोवळी पानं, जी या अळीला अतिशय आवडतात. उरलेल्या डब्यांवर लिहिलं 'सासर'. त्यांना उबेची फळी, आणि सोयाबीनची जून, चामड्यासारखी पानं, तीही निम्म्या पोटाची. आजी, आई, नात अशा पिढ्या काढायच्या आणि मग बघायचं, सासरच्या नाती जास्त चिवट निघतात का.

डब्यांची देखभाल शकीलामावशींकडे होती. मावशी म्हणजे केंद्राची सकाळ. सर यायच्या आधी येऊन डबे झाडून-पुसून लखलखीत करायच्या. डोक्यावरचा पदर ढळू न देता सगळ्या केंद्राला चहा पाजायच्या. केंद्रात कुणी पाणी न पिता परत गेलं तर त्यांना दिवसभर चैन पडत नसे. सरांनी त्यांनाही डोहाळ्यांचं विचारलं होतं, पुन्हा पुन्हा विचारलं होतं. "आमच्या आईला कसलं हो डोहाळं," म्हणून त्या कपबशा उचलायच्या. अख्ख्या केंद्रात सरांना उत्तर न मिळालेलं ते एकच माणूस.

पहिल्या पिढीत सासरच्या अळ्या ठीकठाक दिसल्या. दुसऱ्या पिढीत बऱ्याच बाळसेदार झाल्या. तिसऱ्या पिढीत सासरच्या नाती वजनात माहेरच्यांच्या पुढे गेल्या. सर खोलीतून बाहेर आले ते पहिल्यांदाच उघड ओरडत. "बघितलंत? निम्म्या पोटी एवढं अंग! आजीनं सोसलं, नात शिकली! पानाचा कण न्‌ कण अंगी लावतात पोरी!" त्यांनी वरती कळवलं. इतक्या आनंदानं कळवलं की पुण्याहून समितीच यायचं ठरलं.

तसं समितीला यायला दुसरंही कारण होतं. अळ्यांची खोली बंद करून तिथं बियाण्यांचं गोदाम करायचं घाटत होतं. समितीला प्रयोग पटला तर खोली राहणार होती, नाहीतर सरांच्या सगळ्या लेकीसुनांचा वंश तिथंच बुडणार होता. सरांनी नवा शर्ट शिवला. बंडूला जागं राहायची शपथ घातली. मी स्टोअर असं लावलं की आईनं कौतुक केलं असतं.

समितीत तिघे होते. प्रमुख एक बारीक चणीच्या, चष्मेवाल्या बाई. त्या फारसं बोलत नसत. सरांनी पातेलं आणि माळा समजावून सांगितला. बाईंनी मान हलवली. सरांनी सासरचा एक डबा उघडला. आत करंगळीएवढ्या तुकतुकीत अळ्या सुस्तावून पडल्या होत्या. बाई वाकल्या, चष्मा वर केला, आणि म्हणाल्या, "विलक्षण! इतकी पिढीजात उपासमार होऊनही?"

सरांची छाती फुगली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "उपाशी? कोन उपाशी?"

शकीलामावशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. चेहरा रागानं लाल. आपल्या घरच्या लग्नात जेवण कमी पडलं असं कुणी म्हणावं, तसा.

"मावशी," सर कुजबुजले. खिडकीची काच थरारली. "नंतर बोलू."

"नंतर कशाला? बाईसाहेब पुण्याला जाऊन सांगत्याल, कोल्लापुरात पोरी उपाशी ठेवल्या! मी हाय न्हवं हितं! सासरला आल्यापासनं येक येळ बी उपाशी झोपू दिली न्हाय मी कुनाला."

बाकीच्या डब्यांतल्या अळ्या तेवढ्या खात होत्या.

"काय घालत होता, मावशी?" सरांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

"कवळा एरंड की. तुमी यायच्या आदी घालायचा, खाऊन झालं की झाडून काढायचं. माहेरच्यास्नी मिळतंय, ह्यांनी काय पाप केलंय? उलट वाईच जास्तच घातला. सासुरवाशिनी त्या."

"आणि... आणखी काही?"

"सनासुदीला डब्यातल्या पाखरास्नी गुळाचं पानी."

सर स्टुलावर बसले. मला वाटलं, आता स्टूल तरी मोडेल किंवा माणूस तरी. समितीतल्या एकालाही नीट काही कळलेलं दिसत नव्हतं. त्या क्षणी सरांनी "मावशी जरा थट्टा करतात" एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी मनातल्या मनात तसं म्हणूनही टाकलं. पण सर उठले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "मी कळवलेलं सगळं चुकीचं आहे. ते रद्द समजा. या अळ्या उपाशी नव्हत्या. आणि बाई, खरं सांगतो, कोल्हापुरात त्या उपाशी राहणारही नाहीत. मावशींना काढलं तर बंडू घालेल. बंडूला काढलं तर ड्रायव्हर घालेल. इथल्या हवेत हा प्रयोग होणं नाही."

चष्मेवाल्या बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग अजिबात न हसता म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे. पुण्याला हलवा. आमच्याकडे ती सोय आहे."

खोली गेली, प्रयोग वाचला. आणि प्रयोगाबरोबर सासूबाईही पुण्याला निघाले.

निघायच्या सकाळी केंद्रातले सगळे जीपपाशी जमले. मी डबे क्रमानं लावून, दोऱ्या बांधून दिले. बंडू कडक जागा होता आणि डोळे पुसत होता. मावशी त्या दिवसापासून सरांच्या समोर आल्या नव्हत्या. त्या आल्या त्या हातात दोन पुडकी घेऊन. एकात भाकरी-चटणी, दुसऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला कोवळा एरंड. "वाटंत लागंल," त्या म्हणाल्या. "तितं गेल्यावर तुमी काय बी करा. वाटंत तरी उपाशी नगंत."

सरांनी दोन्ही पुडकी घेतली. मग मावशी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "तुमी इचारत हुता न्हवं सर, आईच्या डोहाळ्यांचं. माझ्या येळंला घरात कायबी नव्हतं. आई दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापायला जायची. थापायची तिनं, खायची त्यांनी. तिला भाकरीच्या वासाचं डोहाळं लागलं. खायचं न्हवं, नुस्त्या वासाचं. कुनी उपाशी दिसलं की माझ्याच पोटात कालवतंय बगा. ते माणूस हाय का किडा, त्ये सुदीक दिसत न्हाय."

सरांनी पुडकी सीटवर जपून ठेवली. नंतर त्यांनी जे म्हटलं ते माझ्या ऐकण्यातलं त्यांचं पहिलं खरं कुजबुजणं. मी शेजारी उभी होते म्हणून ऐकू आलं, बंडूला फाटकावर आलं नाही.

"तरीच," ते म्हणाले. "मावशी, प्रयोग बिघडला नव्हता हो. मी डब्यात बघत बसलो. बघायला पाहिजे होतं दारात."

जीप निघाली. मी ड्रायव्हरला बजावलं होतं की पूल संपल्यावर लगेच सांगायचं.

पुढं कधीतरी स्टोअरच्या फोनवर त्यांचा आवाज आला. फोन कानापासून हातभर लांब धरून ऐकला. पुण्यात अळ्या खरोखर उपाशी राहत होत्या, तक्रार नव्हती. सासरच्या नाती चिवट निघाल्या का, मी विचारलं. "थोड्या," ते म्हणाले. "मी ओरडत होतो तेवढ्या नाहीत. पण आता तिसरा डबा ठेवलाय. आजीला उपाशी, आईला पोटभर. माळ्यावरचं पातेलं खाली यायला किती जेवणं लागतात ते बघायचं." त्या डब्यावर नाव काय घातलंय, तेही त्यांनी सांगितलं. मी मावशींना सांगितलं. मावशी म्हणाल्या, "माझं नाव हाय तर पोटभर घाला म्हनावं," आणि कपबशा उचलून निघून गेल्या.

सर आता नाहीत. खोलीत बियाण्यांची पोती आहेत. माझ्या हाताखाली अधूनमधून नवी माणसं येतात, त्यांना कामं वाटून द्यायची असतात. मी कामाची माणूस, नसते प्रश्न मला आवडत नाहीत. पण खुर्चीकडे बोट दाखवलं की पुढचा प्रश्न आपोआप तोंडातून निघतो. समोरचा गोंधळतो. मग मी फोन पुढे सरकवते. आता सगळ्यांच्या खिशात स्वतःचे फोन आहेत, तरी मी सरकवतेच. कुणी दोन मिनिटांत उत्तर आणत नाही. आईशी बोलणं लांबतं, कुणी हसत परत येतं, कुणी डोळे लाल करून.

परवा एक तरतरीत मुलगा आला. बाहेर जाऊन बराच वेळ बोलला आणि कान खाजवत परतला. "मॅडम, आई म्हणते, डोहाळे बिहाळे नव्हते. दुकानदारानं डाळीत खडे घातले होते, त्याच्याशी तिचं भांडण चालू होतं. दिवस भरेपर्यंत. शेवटी त्यानं डाळ बदलून दिली."

पुरवठादारांशी बोलायला मला कधीपासून माणूस हवा होता. मी टेबलावर थाप मारली.

"तरीच!"